खोली न मोजलेली रब्बी

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. मंगळवेढा, मोहोळ, करमाळा या भागातल्या मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना ओढता येईल असे दीडशे मिलिमीटर पाणी सहज मावते; जमीन चांगली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे हेक्टरी पंधरा लाख लिटर. सरकारी योजनेतले तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे तोंडापर्यंत भरले, तर त्यात साधारण बावीस लाख लिटर पाणी राहते. दीड हेक्टर भारी जमीन असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पायाखाली असे एक भरलेले शेततळे असतेच. त्याला प्लास्टिकचा कागद लागत नाही, मोटार लागत नाही, विजेची रात्रपाळी लागत नाही. शेततळ्याला मात्र अनुदान आहे, त्याचा फोटो काढला जातो, जिल्ह्याच्या आढावा बैठकीत त्याची संख्या वाचून दाखवली जाते. मातीतल्या पाण्याची शेतवार नोंद राज्याच्या कुठल्याच वहीत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या अवर्षणप्रवण पट्ट्यातली रब्बी याच नोंद नसलेल्या पाण्यावर उभी आहे, आणि ज्या पाण्याचा हिशेब नाही त्यावरच्या पिकाचाही हिशेब कुणी नीट ठेवत नाही. भाव, विमा, दुष्काळ, नुकसानभरपाई या प्रत्येक ठिकाणी रब्बीची जी कुचंबणा होते तिच्या मुळाशी ही एकच चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. जमिनीची खोली हे इथले खरे सिंचन आहे. ते मोजले पाहिजे, आणि सरकारने आपला पैसा त्या मोजमापाप्रमाणे लावला पाहिजे.

आधी ही शेती चालते कशी ते पाहू, कारण शहरातल्या वाचकाला ‘कोरडवाहू’ म्हटले की पावसाची वाट पाहणारा शेतकरी दिसतो. तो खरिपाचा. रब्बीचा शेतकरी पेरणी करतो तेव्हा पाऊस जवळपास संपलेला असतो. सोलापूरकडे जून-जुलैत थोडा पाऊस, ऑगस्टात मोठी उघडीप आणि सप्टेंबरात वर्षातला सर्वांत भरवशाचा पाऊस, असा क्रम आहे. जमीन तोवर कुळवून मोकळी ठेवलेली असते. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत ती भिजली की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा. लवकर पेरला तर खोडमाशी पोंगा मारते. उशीर झाला तर वरचा थर वाळून बी ओलीला लागत नाही. पुढचे चार महिने पीक वरून पडणाऱ्या पाण्याची फारशी अपेक्षा ठेवत नाही. मुळे ओलीच्या मागे खाली खाली जातात, आणि शेतकऱ्याचे सगळे कसब ती ओल वर निसटू न देण्यात असते. काळी माती वाळली की फाकते, हात जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालचा ओलावा उडून जातो. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करायची. या शेवटच्या कोळपणीला तण फारसे उरलेलेच नसते. दातेरी कोळपे भुसभुशीत माती भेगांत लोटते आणि भेगा बुजतात. एवढ्यासाठीच बैल पुन्हा शेतात न्यायचे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी सांगत, आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीही तेच सांगतात. ज्वारीच्या जोडीला करडई असते. तिची मुळे ज्वारीपेक्षाही खोल जातात आणि काटे असल्याने बांधाकडेला पेरली की जनावर आत शिरत नाही. हरभरा, जवस हेही याच ओलीवरचे. यातल्या कुठल्याही पिकाला विचारा, पाऊस किती पडला याच्या इतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो पाऊस मावला किती. अर्ध्या मीटरच्या जमिनीत सहाशे मिलिमीटर पाऊस पडूनही फेब्रुवारीत दाणा चिमतो, खोडाला खडखड्या लागतो आणि उभे पीक आडवे होते. शेजारच्या सव्वा मीटरच्या रानात तेच वाण टपोरे कणीस देते.

शास्त्राला हे माहीत नाही असे अजिबात नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. देशातल्या अशा पहिल्या काही केंद्रांपैकी ते एक. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण त्याच दशकातले. इतकी वर्षे झाली तरी बाजारात ज्वारीची पत आजही मालदांडीवरूनच ठरते. पुढे राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांनी वाणे दिली ती तर सरळ जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटून दिली: हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. म्हणजे बियाण्याच्या पिशवीपर्यंत खोलीचा विचार पोचला आहे. तो तिथेच थांबला. पिशवीच्या पुढे जे शासन सुरू होते त्याला जमीन फक्त दोन प्रकारची दिसते, बागायती आणि कोरडवाहू. आपत्तीत पीक गेले तर केंद्राच्या निकषांप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीला १७,०००. खडकावर वीतभर माती असलेले माळरान आणि भीमेकाठचे दोन पुरुष खोल रान या हिशेबात एकाच रकान्यात बसतात.

हमीभावात तर रब्बी ज्वारीला स्वतःचा हंगामही मिळालेला नाही. केंद्र सरकार रब्बीचे हमीभाव जाहीर करते त्या यादीत गहू, सातू, हरभरा, मसूर, मोहरी आणि करडई अशी सहा पिके असतात. ज्वारी तिथे नसते. मालदांडीचा भाव खरिपाच्या यादीत, संकरित ज्वारीच्या खालच्या ओळीत, पेरणीच्या तीन-चार महिने आधी जाहीर होऊन जातो. २०२२-२३ मध्ये संकरित ज्वारी २,९७० रुपये क्विंटल होती आणि मालदांडी २,९९०. पुढच्या वर्षी ३,१८० आणि ३,२२५; त्याच्या पुढे ३,३७१ आणि ३,४२१; २०२५-२६ मध्ये ३,६९९ आणि ३,७४९. आधी वीस, मग पंचेचाळीस, आता पन्नास रुपयांचा फरक. हा फरक कोणत्या खर्चावरून काढला, असे विचारायची सोय नाही, कारण सरकारच्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात तळटीप असते की मालदांडी ज्वारीच्या खर्चाची आकडेवारी वेगळी गोळा केली जात नाही. खरिपातली संकरित ज्वारी पावसात वाढते, बरेचदा काळी पडते, आणि तिचा मोठा भाग पशुखाद्याला किंवा मद्यार्काला जातो. रब्बीची ज्वारी माणसाच्या ताटात जाते, तिची मशागत वेगळी, मजुरी वेगळी, जोखीम वेगळी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तिच्या मातीचे वेगळेपण कायद्याने मान्य झाले. दराच्या तक्त्यात मात्र ती संकरितची पन्नास रुपयांनी थोरली बहीण. यावर एक आक्षेप येतो की बाजारात मालदांडीला हमीभावापेक्षा चांगला दर मिळतोच, मग तक्त्यातल्या आकड्याला कशाला धरून बसायचे? दर चढा असतो तेव्हा हे खरे आहे. पण दर पडतो तोही फेब्रुवारी-मार्चात, नवा माल आडतीवर येतो तेव्हाच, आणि त्या वेळी आधार म्हणून हाच आकडा उरतो. शिवाय माझा मुद्दा दरापेक्षा खर्चाचा आहे. ज्या पिकाला पिकवायला काय लागते हे सरकारने कधी वेगळे मोजलेलेच नाही, त्या पिकाबद्दल ‘परवडत नाही’ किंवा ‘परवडते’ असे सरकार कशाच्या जोरावर म्हणते?

कडब्याचेही तसेच. रब्बी ज्वारीचे निम्मे मोल दाण्यात आणि निम्मे कडब्यात, असे या पट्ट्यात धरले जाते, आणि ज्या वर्षी चारा महागतो त्या वर्षी कडबा दाण्याला मागे टाकतो. सोलापुरात, बार्शीत कडब्याचे व्यवहार शेकड्यावर होतात. दुष्काळात त्या शेकड्याचा भाव ऐकून दूधवाल्यांचे डोळे पांढरे होतात. सरकारी पीक-अंदाजात मात्र दाण्याचे क्विंटल तेवढे येतात. या दुर्लक्षाचे बिल वेगळ्या खात्यातून भरावे लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे चारा छावण्या उघडल्या, तेव्हा मोठ्या जनावरामागचे रोजचे अनुदान नव्वदवरून शंभर रुपयांवर न्यावे लागले. एक जनावर तीन महिने छावणीत राहिले तर नऊ हजार रुपये. त्याआधी २०१२-१३ मध्येही छावण्या होत्या. २०१८ चा सप्टेंबर कोरडा गेला होता, त्यामुळे त्या साली ज्वारी असती तरी कडबा भरपूर झाला असता असे मी म्हणणार नाही. पण कडबा टिकतो. नीट रचलेली गंजी वर्ष-दोन वर्षे जनावर पोसते. रब्बीचे क्षेत्र शाबूत असलेल्या गावात मागच्या सालचा कडबा शिल्लक असतो, आणि ते घटलेल्या गावात जनावराच्या गळ्यातले दावे छावणीच्या खुंट्याला जाऊन बसते. छावणीवर होणारा खर्च आणि ज्वारी सोडल्याने घटलेला चारा यांचा एकत्र हिशेब एकदा तरी मांडायला हवा होता. पशुसंवर्धन, मदत-पुनर्वसन आणि कृषी ही तीन वेगळी खाती असल्यामुळे बहुधा तो मांडला गेला नाही.

आता मोठा आक्षेप. ज्वारी एवढी गुणाची असेल तर शेतकऱ्यानेच ती का सोडली? १९७०-७१ मध्ये देशात ज्वारी पावणेदोन कोटी हेक्टरच्या आसपास होती. आज चाळीस लाखांच्या आसपास आहे. करडईची गत आणखी वाईट: ऐंशीच्या दशकात आठ-दहा लाख हेक्टरवर असलेले पीक आता लाखाच्याही खाली आले आहे. शेतकरी मूर्ख नसतो, त्याला जे परवडते ते तो करतो, हे बरोबरच आहे. पण परवडणे आभाळातून पडत नाही. ‘इक्रिसॅट’ या कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून ज्या गावांचा घरोघरी जाऊन अभ्यास केला त्यात मोहोळ तालुक्यातले शिरापूर आणि उत्तर सोलापुरातले कळमण ही दोन गावे होती. तेव्हा शिरापूरची निवडच खोल काळी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांचा नमुना म्हणून झाली होती. रब्बी ज्वारी हा तिथल्या शेतीचा कणा. पुढे पाणी आले आणि ऊस आला. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे, तोडणीची टोळी कारखाना पाठवतो आणि पीक शेतातून उचलून नेतो. ज्वारीच्या बाजूला यातले काहीही नाही. तेव्हा शेतकऱ्याने ऊस निवडला याचा अर्थ त्याने दोन पिकांतून निवड केली असा घेणे चूक आहे. त्याने एका बाजूला पूर्ण बांधलेली व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला मोकळे रान यांतून निवड केली. हरभऱ्याने हे उलट्या बाजूने सिद्ध केले आहे. त्याच कोरडवाहू रानात, त्याच ओलीवर हरभरा वाढत गेला, कारण त्याला नाफेडची खरेदी मिळाली, दिग्विजयसारखी वाणे मिळाली, आणि फुले विक्रमसारखे उंच वाढणारे वाण आल्यावर यंत्राने काढणीही होऊ लागली. (डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्काशिवाय आयात करायला परवानगी देऊन त्याच हरभऱ्याच्या दराला खाली ओढण्याचे काम दिल्लीने केले, हे वेगळे.) मातीतल्या ओलीवरचे पीक मरत चाललेले नाही. ज्या पिकामागे सरकार उभे राहिले ते तगले, ज्याच्यामागे राहिले नाही ते आटले.

आणि उसाने सगळा प्रश्न सुटेल म्हणावे तर पाणी कुठे आहे? १९९९ च्या जल व सिंचन आयोगाने, सगळी धरणे-कालवे होऊन गेल्यावरही राज्यातली निम्म्याजवळ शेती पावसावरच राहील, असेच चित्र मांडले होते. उजनी भरली तरी तिचे पाणी सांगोल्याच्या किंवा जतच्या प्रत्येक माळाला पोचणार नाही. एका वर्षाच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. रब्बी ज्वारी अडीचशे-तीनशेत निभते आणि त्यातले बरेचसे मातीतूनच काढते. ज्याला कालवा मिळाला त्याने ऊस लावला तर त्याच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. ज्याला तो कधीच मिळणार नाही त्याच्या जमिनीत जे पाणी आहे ते तरी मोजा, इतकीच मागणी आहे.

शेतीतज्ज्ञांकडून येणारा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ते म्हणतात, रब्बीसाठी जमीन चार महिने पड ठेवणे हीच चैन आहे. उघड्या काळ्या मातीवर पाऊस पडतो, वाहून जातो, माती घेऊन जातो. त्यापेक्षा खरिपात सोयाबीन घ्या आणि मागे हरभरा करा. धूप होते हे मान्यच केले पाहिजे, आणि पड जमिनीत पडलेला सगळा पाऊस मुरतो हा गैरसमजही सोडला पाहिजे. पण पाऊसमान पाहून बोलावे. ‘इक्रिसॅट’ने खोल काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीचे जे दोन पिकांचे तंत्र बसवले ते साडेसातशे मिलिमीटरच्या वरच्या, खात्रीच्या पावसाच्या प्रदेशासाठी. लातूरच्या पूर्वेला ते चालते. सोलापूरच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊसच पाचशे-साडेपाचशेच्या आसपास आणि त्यात ऑगस्टची उघडीप हमखास. तिथे खरिपाचे पूर्ण मुदतीचे पीक सप्टेंबरपर्यंत जमिनीतली ओल खाऊन बसते आणि दोन्ही हंगाम अर्धवट राहतात. याच्यावर तोडगा शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला आहे: भारी जमिनीत, जून चांगला झाला तर साठ-सत्तर दिवसांचा मूग किंवा उडीद, आणि त्याच्या धसकटांवर ज्वारी. जून हुकला तर पड. मध्यम जमिनीत बहुतेक वर्षी पडच. कोणत्या शेतात कोणत्या साली काय करायचे हे पुन्हा खोलीवरच येते. आणि ज्या शेतात पड ठेवायची तिथे पाऊस थोपवायला बांध-बंदिस्ती, उताराला आडवी मशागत, लहान लहान कप्पे पाडणे ही कामे लागतात. ती जलसंधारणाच्या आराखड्यात शेवटच्या पानावर असतात. नाल्यावरचा बंधारा फोटोत दिसतो, शेतातला कप्पा दिसत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला मान तुकवावी लागते. ज्वारीचे खरे मरण काढणीत आहे. शाळू कापत नाहीत, उपटतात. फेब्रुवारीत माती दगडासारखी झालेली असते. दोन्ही हातांनी ताट धरायचे, कमरेत वाकून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची, आणि हे ओळीमागून ओळ दिवसभर. पानांची धार हाताला चिरते, अंगावर कूस पडते. मग ताटे पसरून वाळवायची, बायकांनी बसून कणसे मोडायची, पेंढ्या बांधायच्या, पाचुंदे करायचे, कडब्याची बुचाडे रचायची. एवढे करून मळणी राहतेच. या कामाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मागतील ती उक्ती द्यावी लागते, आणि घरची माणसे किती दिवस उपटणार? हार्वेस्टर चालवावा तर कडब्याचा भुगा होतो, म्हणजे पिकाचे निम्मे मोल रानातच जाते. शेतकरी ज्वारी सोडतो तेव्हा बरेचदा तो दर पाहून सोडत नाही, हाताचे फोड पाहून सोडतो. हे सगळे कबूल. पण ही अडचण अपरिवर्तनीय आहे असे कुणी ठरवले? ऊसतोडणी यंत्राला सरकार लाखोंचे अनुदान देते. ज्वारीचे ताट न मोडता मुळापाशी कापेल किंवा उपटेल, आणि चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याला भाड्याने परवडेल, असे यंत्र गावोगावी पोचवणे उसाच्या यंत्रापेक्षा अवघड असायचे कारण नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असे भारदस्त नाव मिळाले, पंचतारांकित हॉटेलांत नाचणीच्या पदार्थांचे महोत्सव झाले. त्या उत्सवातला छोटा वाटा जरी मोहोळच्या रानात उपटणीच्या यंत्रावर खर्च झाला असता तर नावाला अर्थ आला असता.

‘लोक आता ज्वारी खातच नाहीत’ हेही ऐकू येते. जानेवारी २०२३ पासून रेशनचा गहू-तांदूळ फुकट मिळतो. ज्वारी विकत घ्यावी लागते. तरीही सोलापूरची कडक भाकरी पुण्या-मुंबईच्या दुकानांत पुड्यांतून विकली जाते आणि मालदांडीचे दर गव्हाला मागे टाकतात. मागणी नसलेल्या वस्तूचे असे होत नाही.

आता विमा आणि दुष्काळ. पीकविम्यात रब्बीसाठी शेतकऱ्याचा हप्ता दीड टक्का, भरपाई ठरते महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. एका मंडळात दहा-पंधरा गावे, आणि एका गावात ओढ्याकाठची खोल रानेही असतात, माथ्यावरचा मुरूमही असतो. कापणी प्रयोग भारी रानात पडला की मुरमावरच्या शेतकऱ्याचे नुकसान सरासरीत बुडते. पाऊस कमी असेल त्या वर्षी हा फरक सर्वांत मोठा असतो, म्हणजे विमा जेव्हा सर्वांत जास्त लागतो नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त चुकतो. दुष्काळ जाहीर करण्याची जुनी पैसेवारीची पद्धत निदान गावाच्या पिकाकडे तरी पाहत होती. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट किंवा खंड हे पहिले दार ठरवले. त्यानंतरच्या निर्देशांकांत जमिनीतला ओलावा आहे, हे मला माहीत आहे. पण तो मोठ्या क्षेत्रासाठी काढलेला अंदाज असतो, आणि पहिल्या दारातून आत गेल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. २०२३ मध्ये राज्याने ३१ ऑक्टोबरला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो खरिपाचा. त्या तारखेला रब्बीची पेरणी आटोपत आलेली असते. जमिनीत किती ओल गेली हे तेव्हाच कळलेले असते, आणि फेब्रुवारीत काय हाती येईल याचा अंदाज शेतकऱ्याला तिथेच आलेला असतो. सरकारला तो मार्चअखेर येतो.

हे सगळे मोजणार कोण, असा प्रश्न महसूल खात्यातून येईल. त्या खात्याने हे काम एकदा केलेले आहे. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात, म्हणजे याच अवर्षणप्रवण पट्ट्यात, जमीन महसुलाची नवी पद्धत बसवली आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिच्या प्रतबंदीचा पाया जमिनीची खोली हा होता. खड्डा घेऊन पाहायचे. पावणेदोन हात, म्हणजे ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास खोल उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची; खोली पाव हाताने कमी झाली की आणे कमी; चुनखड, वाळू, उतार हे दोष निघाले की आणखी कमी. सारा गोळा करायचा म्हणून ज्या राज्यकर्त्यांना जमिनीची खोली जाणून घ्यावीशी वाटली ते परके होते. आज मदत द्यायची, विमा काढायचा, बियाणे सुचवायचे, तेव्हा आपल्याला ती लागत नाही. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा गोष्टी असतात. जमीन किती खोल आहे हा तेरावा रकाना नाही, आणि तो भरायला प्रयोगशाळाही लागत नाही, पहार पुरते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले ते जमिनीची खोली धरूनच. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेकडे नकाशे आहेत. त्या नकाशांना गट नंबरापर्यंत खाली आणायचे काम राहिले आहे.

तातडीने सुरुवात करायला जागाही आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना आणि तिच्या आसपासच्या नद्यांनी माढा, मोहोळ, करमाळ्यापासून धाराशिव-बीडपर्यंत शेते खरडून नेली. ऑक्टोबरात राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि नरेगातून तीन लाखांपर्यंतची कामे जाहीर केली. मातीची किंमत एवढ्या स्पष्ट आकड्यात सरकारने याआधी क्वचितच सांगितली असेल. गाळ आणून टाकायचा, पसरायचा, बांध घालायचा, हे काम जिथे होईल तिथे मोजमाप पुस्तिकेत किती घनमीटर माती टाकली ते लिहावेच लागते, त्याशिवाय बिल निघत नाही. त्याच ओळीत काम झाल्यावर जमिनीची खोली किती सेंटिमीटर झाली हे लिहून ती गट नंबराला जोडायला एका रकान्यापलीकडे काय लागणार आहे?